प्लास्टिकचे हृदय

ठाण्याच्या कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. माणसांची पारख मला कोणी शिकवू नये. वर्तकनगरात माझ्या समोरच्या दारी राहणारे हे गृहस्थ जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. आल्यागेल्यासमोर ते प्लास्टिकचे हृदय उघडून ठेवतात. "अशुद्ध रक्त उजवीकडे, तिथून फुप्फुसांत, शुद्ध होऊन डावीकडे. कळलं का?" कळलं म्हटल्याशिवाय चहा येत नाही.

एका सकाळी आमचा वॉचमन छाती धरून जिन्यात बसला. मी रिक्षा आणायला धावलो. परतलो, तेव्हा त्याची मान कलंडली होती आणि हे गृहस्थ त्याच्याशेजारी उभे राहून दूधवाल्याला समजावत होते, "हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. ते पोचवणारी धमनी तुंबली की डावा हात दुखतो."

तेराव्यानंतर त्याची बायको त्याचे कपडे न्यायला दिवा गावाहून आली. ह्यांनी तिच्यापुढे हृदय उघडून बोट ठेवले. "ताई, इथं अडकलं होतं."

तिने तिकडे पाहिलेही नाही. "सर, तुम्ही जवळ होता ना? शेवटी काही बोलले का ते?"

ह्यांनी दोन्ही भाग जुळवून हृदय बंद केले. ती गेल्यावर मला म्हणाले, "बाई शिकलेली नाही हो."