माळ खिशात होती

कृष्णाला दारू मी पाजली नाही. पण त्या दिवशीची दारू माझी होती.

आज पाच वर्षं झाली. एकदाचं लिहून टाकतो.

कृष्णा माझा पुतण्या. थोरल्या भावाचा एकुलता एक. बारावीला होता, सतरा पूर्ण.

दुष्काळाचं साल. गावात चार दिवसाआड टँकर, जनावरं छावणीत, आणि आम्ही सोसायटीची निवडणूक लढवत होतो. प्यायला पाणी नाही, गुलाल मात्र पोत्यानं. हसू नका, आम्ही असेच आहोत.

दुपारी निकाल लागला. माझं पॅनल आलं. मी चेअरमन होणार, हे ठरलंच होतं.

नांदूरघाट रोडला धाब्यावर जेवण ठेवलं. पोरांना कोल्ड्रिंक सांगितलं होतं.

मोठ्यांच्या टेबलावरच्या बाटल्या पोरांच्या टेबलावर जातात, हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. मी तिकडं बघितलं नाही, एवढंच.

चार वाजता कृष्णा माझ्या मोटरसायकलची चावी मागायला आला.

"तात्या, गाडी मी नेतो. हे दोघं लई टाइट हायेत, घरी सोडतो."

मी लगेच दिली.

कारण कृष्णा माळकरी. आठवीत असताना दादानं नारायणगडावर त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून पोरगं अंड्याला सुद्धा शिवलं नाही. लायसन नव्हतं. पण आमच्याकडं माळकरी पोराच्या हातात गाडी दिली की घरचे बिनघोर. प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत ड्रायव्हर तोच.

त्या दिवशी गळ्यात माळ दिसली नाही. मानेपर्यंत गुलाल होता, त्याखाली असेल असं वाटलं.

दहा मिनिटांत फोन आला. गाडी उभ्या टँकरवर गेली होती.

मागची दोघं वाचली. कृष्णाला पाण्याच्या लाइनीतल्या बायांनीच उचललं, घागरी तिथंच टाकून.

दवाखान्यात त्याचा शर्ट आमच्या हातात दिला. खिशात रुमाल. रुमालात माळ, नीट गुंडाळून ठेवलेली.

दादानं ती हातात घेतली. मग मला म्हणाला, "पोरगं लबाड न्हवतं रे. माळ घालून न्हाई पेलं."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनीनं मात्र विचारलं. "कावून दिली चावी?"

तेराव्याला गावातल्या पोरांनी फोटोपुढं शपथ घेतली. पिऊन गाडी चालवणार नाही. आणि वर्षभर खरंच पाळली. आयांनी चाव्या पिठाच्या डब्यात लपवल्या. वरातीतून पोरं पायी घरी यायची.

मला वाटलं, आपल्या कृष्णानं गाव सुधारलं.

दुसऱ्या वर्षी पाऊस झाला. कारखाना चालू झाला, घरोघर नव्या गाड्या आल्या. पोळ्याला दोघं पिऊन पडले, गुडघे फुटले, लोक हसले.

त्याच्या पुढच्या वर्षी कुणी हसलं पण नाही. रोजचंच झालं.

शपथ घेतलेली पोरं आता पुण्याला कंपनीत आहेत. आत्ताची पोरं तेव्हा पाचवी-सहावीत होती. त्यांच्यासाठी कृष्णा म्हणजे चौकातला एक जुना बॅनर.

यंदा परत निवडणूक. मी उभा नाही. पॅनलवाल्यांना म्हटलं, जेवण द्या, दारू नको.

"तात्या, मग पोरं तिकडच्या पॅनलला जातील की."

तिकडचे पण हेच म्हणत असतील.

काल दुपारी धाब्यावरून रॅली परत येताना मी फाट्यावर रस्त्यातच उभा राहिलो. दोन्ही हात वर करून.

पहिल्याच गाडीवर तिघं. चालवायला माझाच पोरगा, रोहित. यंदा सतरा पूर्ण झाले त्याला.

थांबला नाही.

"तात्या, बाजूला व्हा, लागंल!"

संध्याकाळी घरी आला, जेवला. प्यालास का, हे मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली. चावी मागितली, त्यानं मुकाट्यानं दिली.

आज सकाळी उठलो तर चावी नव्हती. गाडी पण नव्हती.

कृष्णा, तुझ्या चुलत्याला कुणालाच अडवता आलं नाही रे. माफ कर म्हणायला तोंड नाही. फक्त हात जोडतो, बाळा.