बोटभर माया

शिंपीणबाईंच्या खोलीला खिडकी एकच, पण उजेड असा की काळ्या कापडावरचा काळा दोराही दिसावा. त्या खिडकीशी त्यांचं मशीन. आधी ते सासूचं होतं. सासू गेली, पायडल चालवणारे पाय बदलले, मशीन तिथेच राहिलं. सासूच्याही आधी त्याच जागी एका थोर लेखकाचं टेबल होतं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग निघाली त्या लेखकाची स्मारक समिती, याच खोलीचं स्मारक करायला! अध्यक्ष घरमालकाला भेटले, घरमालक विरघळला आणि बाईंचं बिऱ्हाड मागच्या खोलीत हलवायचं दोघांनी ठरवूनही टाकलं. बाईंना विचारायचं तेवढं राहिलं. मागची खोली म्हणजे समोर भिंत, बाजूला जिना. भर दुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवायचा. तिथे गेलं की धंद्याचे बारा वाजलेच.

"आई, मोठी माणसं आहेत. कशाला वाकड्यात शिरतेस?" मुलगा म्हणाला.

"मी कुठे शिरतेय? मी आहे तिथेच आहे. शिरतायत ते!" बाई फणकारल्या. काळजी मात्र होतीच. या वयात त्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईक कोण येणार?

स्मारकाच्या समारंभाच्या दिवशी सकाळी अध्यक्ष जिना चढून आले, मागोमाग घरमालक. अध्यक्षांची कामं दोन. एक, खोली ताब्यात घ्यायची. दुसरं, कोट न्यायचा. संध्याकाळी समारंभात घालायचा कोट पोटावर बसेना म्हणून त्यांनीच तो सैल करायला बाईंकडे टाकला होता. आता बोला! जिला उठवायचं, तिच्याच हातात आपली अब्रू द्यायची, काय म्हणावं या डोक्याला?

कोट दोन्ही अंगांनी उसवून मशीनवर पडला होता.

"बाई, इथे बसून त्यांनी केवढं लिहिलं," अध्यक्षांनी सूर लावला. "या जागेबद्दल तुम्हाला थोडी तरी माया हवी."

हा शब्द त्यांनी काढायला नको होता. बाईंनी कोट उचलला, उलटा केला आणि त्यांच्या नाकासमोर धरला.

"माया? ही बघा माया. शिवणीच्या आत शिंपी जास्तीचं कापड सोडतो ना, त्याला आम्ही माया म्हणतो. वरून दिसत नाही, पण माणूस वाढला की त्याला सामावून घेते. कुणीतरी ती सोडली म्हणून आज तुमचं पोट यात मावणार. तुम्ही तुमच्या स्मारकात माझ्यासाठी बोटभर तरी सोडलीत का?"

घरमालक खाकरला. "अहो, पण लेखकाचा मान..."

"तुम्ही तर तोंडच उघडू नका! तुमच्या वडिलांनी त्याच लेखकाची ट्रंक या जिन्यावरून खाली भिरकावली. सासूबाई तेव्हा समोरच राहायच्या, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तो बिचारा मुकाट्यानं गेला. एकाला हाकललंत आणि त्याचं स्मारक करायला आता दुसरीला हाकलताय? मी नाही जायची. काय करायचं ते करा!"

बाईंनी कोट छातीशी आवळला. संतापानं, आणि खरं सांगायचं तर थोडा भीतीनंही.

अध्यक्षांनी उसवलेल्या कोटाकडे पाहिलं. "निदान कोट तरी..."

"शिवते की. पण मला हा उजेड लागतो. आज, उद्या आणि मी मरेपर्यंत. मालक, खिडकीतून गल्लीला सांगा, ही खोली माझी म्हणून. मग मशीनला पाय लावते."

अध्यक्षांनी मालकाकडे असं पाहिलं की मालक निमूट खिडकीशी गेला. खाली गल्ली कान टवकारून उभीच होती. मालकाला तेच वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागलं, पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

संध्याकाळी खिडकीखालच्या भिंतीवर नुसती पाटी लागली. कोट अंगावर झकास बसला होता. अध्यक्षांनी पडदा सारला आणि मोठ्यानं वाचलं, "येथे थोर लेखक राहत होते."

वरचं मशीन थांबलं. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आणि मी राहते!"