शेवटचा माणूस बोलला की चहा

मास्तर लोकांची मीटिंग माझ्या घरात भरायची, म्हणलं की लोक हसतात. मी सातवी नापास. भोसरीच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर जन्म गेला. पण बायको शिक्षिका होती. लग्नानंतर शिकली आणि आमच्या इमारतीसमोरच्याच शाळेत पहिलीवर लागली.

शाळा दोन सत्रांची. तिसरी-चौथी सकाळी, पहिली-दुसरी दुपारी. वर्ग तेच, बाकं तीच, माणसं वेगळी. सकाळचे शिक्षक घाईनं बाहेर पडतात तेव्हा दुपारचे आत शिरत असतात. बोलायला वेळ नाही, भांडायला मात्र आहे. फळा पुसला नाही, तक्ते फाडले, कपाटाची किल्ली घरी नेली. हिला ते बघवायचं नाही. म्हणून महिन्यातल्या एका शनिवारी, शाळा लवकर सुटली की दोन्हीकडच्या शिक्षकांना ही घरी बोलवायची. शाळेतच का नाही बसत, असं मी विचारलं होतं. म्हणाली, तिथं सगळे घड्याळाकडं बघत बसतात.

हिचा नियम एकच. प्रत्येकानं एकदा तरी बोलायचं, आणि शेवटचा माणूस बोलला की मगच चहा. चहा माझ्याकडं. मी स्वयंपाकघरात आधण ठेवून बसायचो. बाहेरून हिची हाक यायची, "आणा हो." त्याशिवाय एक कप हलायचा नाही. सकाळच्या सत्रात चौथीचे एक सर आहेत, चहाचे भारी शौकीन. गप्प बसलेल्यांच्या मागं ते लागायचे. "बोला की ओ मॅडम, इथं माझं डोकं धरलंय." एकदा एक नवीन मास्तर म्हणाले, "माझं काही नाही." ही म्हणाली, "मग तुमचा चहा पण नाही." सगळे हसले. पण तो माणूस बोलला, आणि मग थांबेना.

दिवाळीच्या आधी ही गेली. त्याआधीचा सगळा पावसाळा दवाखान्यात गेला. त्यावर मी इथं लिहिणार नाही.

पुढं महिन्याभरानं सकाळच्या थोरल्या मॅडमचा फोन आला. त्यांच्याकडं तिसरी. "काका, या शनिवारी तुमच्याकडं बसू का? विषय तातडीचा आहे." मी या म्हणलं. घरात आवाज तरी होईल.

पाच जण आले, सतरंजीवर गोल करून बसले. हिची खिडकीखालची जागा कुणी घेतली नाही. सगळ्यांना बोलतं करायचं तिचं कामही कुणी घेतलं नाही. दाराजवळ दुपारची दुसरी शिकवणारी पोरगी बसली. परभणीकडची, गेल्या वर्षी मानधनावर लागलेली. नवरा चाकणला कंपनीत, तोही कंत्राटी.

थोरल्या मॅडमनी टेकल्या टेकल्या सुरू केलं. "सरळच बोलते. दुसरीची निम्मी पोरं वाचत नाहीत. जूनला ती माझ्या गळ्यात येणार. सोमवारी सगळ्यांनी मिळून मुख्याध्यापकांकडं जायचं आणि सांगायचं, पुढच्या वर्षी यांना घेऊ नका."

मी आत साखर घालत होतो. हात थांबला. पोरगी समोर बसलेली, आणि तिच्या तोंडावर "यांना घेऊ नका."

"मॅडम, जरा दमानं," सर म्हणाले.

"दमानं काय? तुमच्याकडं पोरं येतात ती मी वर्षभर रगडून दिलेली. तुम्हाला काय कळणार?"

"ते बाकी खरंय," सर म्हणाले. उरलेल्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. सगळे जाणार असतील तर आम्ही येतो, असं म्हणाल्या. पोरगी सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत होती.

"ठरलं मग," थोरल्या मॅडम म्हणाल्या. "काका, आणा चहा."

चहा तयार होता. ट्रे उचलला, पण पाय निघेना. पोरगी चुकत होती का नव्हती, मला काय ठाऊक? शिकवण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण एवढ्या वर्षांत शेवटचा माणूस बोलायच्या आधी या घरात चहा बाहेर गेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. त्या जागेवर ही असती तर यांची अशी हिंमत झाली असती का? मी ट्रे परत ओट्यावर ठेवला आणि मोकळ्या हातानं दारात गेलो.

"एक जण राहिलंय," मी म्हणलं.

"काय राहिलंय?"

"बोलायचं. ह्या बाई बोलल्या न्हाईत अजून."

थोरल्या मॅडमचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "काका, तुम्ही यात पडू नका. हा शाळेचा विषय आहे."

"आसंल शाळेचा. चहा माझा हाय."

सरांना हसू फुटलं, ते त्यांनी गिळलं. मॅडमनी पर्स खांद्याला अडकवली आणि उठल्या. "राहू दे तुमचा चहा. चला हो सगळे."

कुणी उठलं नाही. सर मांडी घालून तसेच बसले. "बसा मॅडम. बाई होत्या तेव्हा पाळलाच की आपण हा नियम. आणि मला चहा पायजे." मग दाराकडं वळून म्हणाले, "बोला ताई. जे असेल ते बोला."

खाली पाण्याचा टँकर आला होता, त्याचा हॉर्न वाजत होता. तो थांबेपर्यंत पोरगी बोटाचा दोरा सोडत राहिली. मला वाटलं, मी उगाच पोरीला फासावर चढवलं.

"मला जमत नाही," ती म्हणाली. "मॅडम म्हणतात ते खरं आहे. वर्गात निम्मी पोरं वर्षाच्या मधेच आलेली, बापाचं काम सुटलं की परत जातात. त्यांना आणि बाकीच्यांना एकत्र कसं घ्यायचं, ते येत नाही मला. बाई दाखवायच्या. दर गुरुवारी आमच्या दोन वर्गांमधलं दार उघडायच्या. आधी त्या शिकवायच्या, मी बघायची. मग मी शिकवायची, त्या मागं बसायच्या."

घरी शाळेतलं एवढं बोलायची ही, पण हे मला कधी सांगितलं नव्हतं.

"त्या आजारी पडल्यापासून दार बंद आहे. त्यांच्या जागी आलेले सर म्हणतात, गोंधळ होतो."

"मग हे आधी सांगायचं नाही का?" थोरल्या मॅडम जवळजवळ ओरडल्याच.

"कुठं सांगू मॅडम? तुम्ही बाहेर पडता तेव्हा मी आत येते."

मी आत जाऊन ट्रे आणला. चहावर साय धरली होती, निम्मा गार झाला होता. सगळ्यांनी तसाच प्यायला. थोरल्या मॅडमनी उभ्यानंच प्यायला, पर्स खांद्यालाच. सरांनी विचारलं, "मग सोमवारचं काय?"

"बघू," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. पोरगी सगळ्यात शेवटी उठली. कप धुऊन ठेवू का म्हणाली. मी नको म्हणलं.

"बघू" म्हणजे काय, हे मला कोण सांगणार? सोमवारी मी दिवसभर गॅलरीत. शाळेच्या दारातून कोण आत जातं, कोण बाहेर येतं, एवढंच दिसतं तिथनं. मुख्याध्यापकांच्या खोलीत काय चाललंय ते कसं दिसणार? मंगळवार गेला, बुधवार गेला. पोरगी रोज येताना दिसायची, पण काढून टाकायचं तर पुढच्या वर्षी टाकणार, त्यामुळं तिच्या येण्यावरून काही कळायचं नाही.

गुरुवारी सकाळचं सत्र सुटलं. थोरल्या मॅडम रोजच्यासारख्या समोरच्या स्टॉपवर येऊन उभ्या राहिल्या. दुपारची पोरं आत गेली. पिंपरीची बस आली. मॅडमनी एक पाय पुढं टाकला, मग मागं घेतला. बस निघून गेली तरी त्या तिथंच, पदर डोक्यावर ओढून उन्हात उभ्या. मी कठडा घट्ट धरलेला. मग त्या वळल्या, रस्ता ओलांडला आणि शाळेच्या दारातून आत गेल्या. थोड्या वेळानं आतून पोरांचा एकच गलका आला, मधलं दार उघडल्यासारखा, दोन वर्गांचा मिळून.

"अगं, गेली बघ ती आत," मी घराकडं तोंड करून म्हणलं. चांगलं मोठ्यानं.

मग गॅलरीतच उभा राहिलो. घरात जायला नको वाटलं.