उत्तराची जागा

आत्याचा आवाज माझ्यासमोर स्क्रीनवर पसरला होता आणि मालक तो कापायला सांगत होते.

महाडच्या बाजारात त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. मागची एक खोली त्यांनी स्टुडिओ म्हणून सजवली होती: भिंतींना गोणपाट, एक माइक, एक कॉम्प्युटर. त्यावर काम मी करायचे, रोज बिरवाडीहून येऊन. मालकांना धड माऊस धरता येत नव्हता, पण मागे खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकायला फार आवडायचं.

आत्या दर मार्चला चवदार तळ्यावर गायची. "ही ओंजळ कुणाची?" असं गाण्यातच विचारायची आणि थांबायची. तळ्याभोवतीची माणसं ओरडायची, "आमची!" मग पुढची ओळ. किती थांबायचं ते गर्दी ठरवायची. त्या वर्षी तिचा घसा बिघडला आणि डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद करायला सांगितलं. बंद करण्याआधी उरल्यासुरल्या आवाजात तिने हे एक गाणं आमच्याकडे रेकॉर्ड केलं. बंद खोलीत, गोणपाटासमोर, एकटीने. तरीही प्रत्येक सवालानंतर ती थांबली.

मागून मी कीबोर्डवर पेटी वाजवून भरली. स्क्रीनवर ते सूर छोट्या ठोकळ्यांसारखे दिसायचे. एक कमांड दिली की सगळे ठोकळे सरकून उभ्या रेघांना चिकटायचे, ताल एकदम चोख. मालकांना आत्याही तशीच रेघेत हवी होती.

"मधे एवढी शांतता? कॅसेट अडकली असं वाटेल. काप आणि जोड."

"ती लोकांची जागा आहे," मी म्हणाले.

"लोक कॅसेटमध्ये नसतात."

"तळ्यावर असतात."

"मग तिथे बासरी टाक."

बासरी! माझं डोकंच सटकलं. आमच्या माणसांना एकदा पाण्यापासून हाकलून झालं, आता गाण्यातूनही हाकला, असं मी तोंडावर म्हणाले. कापणार नसशील तर उद्यापासून येऊ नकोस, मालक म्हणाले. ऐकावं जनाचं, करावं मनाचं. त्यांच्या देखत मी पेटीचे ठोकळेही रेघांवरून सोडवले आणि आत्याच्या श्वासाप्रमाणे मागेपुढे सरकवले. कॅसेट भरून घेतली, चपला घातल्या आणि निघाले. नोकरी गेल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मार्चमध्ये तळ्यावर कर्ण्यातून ती कॅसेट लागली. आत्या माझ्याशेजारी उभी होती, पदर गळ्याभोवती गुंडाळून.

"लोकं बोलतील काय गो? मी तर समोर नाय," ती कुजबुजली.

कर्ण्यातून तिचाच आवाज आला, "ही ओंजळ कुणाची?" आणि कर्णा गप्प झाला. लोक वर बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, "कॅसेट अडकली वाटतं." मालक खरे ठरत होते.

तेव्हा आत्या ओरडली, "आमची!"

फाटका, खरखरीत आवाज. आयुष्यभर तिने सवालच विचारला होता, उत्तर द्यायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती. पुढच्या सवालाला सगळं तळं ओरडलं, आणि त्यात तीही. तिला गप्प करायला, डॉक्टरांची आठवण करून द्यायला मी तोंड उघडलं होतं. मग मीही "आमची!" म्हणूनच ओरडले.