खिडकीतून टाकलेला टॉवेल

चिकोडीच्या स्टँडवर बस थांबायच्या आतच एकानं खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. कपाळावर भस्माचे पट्टे. बस निघाल्यावर शेजारी उभ्या असलेल्या मला सांगू लागला, "अण्णा, मी करतो म्हणणं ही माया. आत्मा काय करत न्हाय, नुसता बघतोय." मला वेदांत उभ्यानं ऐकायची सवय नाही.

वाटेत भाजीची बुट्टी घेऊन एक म्हातारी चढली. मी म्हटलं, "आप्पा, जागा द्या की तिला."

डोळे मिटून तो म्हणाला, "देणारा मी कोण?"

"मग बसणारी तरी मी कुठली रं?" म्हणत म्हातारी थेट त्याच्या मांडीवरच बसली. तो ताडकन उठला आणि दांडा धरून नुसता बघत राहिला.

बेळगावात उतरताना मात्र तिच्याखालचा टॉवेल त्यानं दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढून काढला.