गाडीवाला मामा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. धाकट्या बहिणीचं लग्न घाटावर, लोणावळ्याला होतं. नवरीसाठी आम्ही खोपोलीतल्या ओळखीच्या एका माणसाची मोटार भाड्यानं ठरवली. आदल्या दिवशी तो सकाळी घरी आला, तेव्हा मी त्याच्याकडे विम्याचा कागद मागितला.

"सगळं हाय, बाई."

"मग दाखवा."

मामी हळद कालवता कालवता थांबली. "अगं, शुभकार्यात अपघाताचं काय काढतेस!"

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. ओटीवर बसून कागद शब्द न शब्द वाचला. गाडी घरच्या वापरापुरतीच होती. भाड्यानं दिली तर विमा लागू नाही, असं त्यात स्वच्छ छापलं होतं.

तो हसला. "सगळे असंच करतात. कुणी विचारलं तर सांगायचं, हा नवरीचा मामा हाय."

"आणि घाटात गाडी उलटली तर?"

"तरी बी मामाच."

मी पेन पुढे केलं. "मग भाचीकडून भाडं घेणार नाही, एवढं लिहून द्या."

त्यानं कागदाची घडी घातली आणि चहा न घेताच गेला. घरात माझ्याशी कुणी धड बोलेना.

दुसऱ्या दिवशी हळद लागलेली नवरी घेऊन आम्ही एसटीनं निघालो. घाट लागला तशी मामी फणकारली, "एसटीचा विमा विचारलास का गं?"

विचारला होता. कालच, डेपोत जाऊन.