चंपतरावांनी वेगळी चूल मांडली

चंपतरावांशी माझी पहिली भेट झाली तेव्हा ते स्वतः हजर नव्हते. दुर्गजवळच्या रिसालीत, रेशन दुकानासमोरच्या रांगेत, त्यांची डावी चप्पल उभी होती. आमच्याकडे काम करणाऱ्या शकुबाईचा पाय मुरगळला होता, म्हणून तिला स्कूटरवरून आणून सावलीत बसवलं आणि तिच्या जागी मी त्या चपलेच्या मागे उभा राहिलो. अर्धा तास आम्ही एकत्र होतो. एवढी बाणेदार चप्पल मी जन्मात पाहिली नाही. टाचेच्या भोकातून खालची जमीन दिसत होती, अंगठा तारेने शिवला होता. पण मध्ये घुसायला आलेल्या तीन बायका, एक सायकल आणि एक म्हैस तिला मुकाट वळसा घालून गेली. मी तिला पायाने बोटभर सरकवलं मात्र, समोरच्या चहाच्या टपरीतून असा आवाज आला की स्टील प्लांटची पाळी सुटली समजून चार माणसं डबे घेऊन घराकडे निघाली.

"ओ भाऊ, माणूस उभा आहे ना तिथं. दिसून नाही राहिला का?"

पाठोपाठ आवाजाचा मालक एका पायावर लंगडी घालत आला. उंची पाच फूट, त्यात पांढऱ्या केसांचा वाटा मोठा. अहिवाऱ्याकडच्या खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली तीस वर्षं चुनखडीचे दगड उचलून बोटं अशी गुळगुळीत झाली होती की चहाचा पेला त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे. लग्न केलं नव्हतं. "वेळच नाही भेटला," असं सांगत आणि टपरीवर तीन तास बसत.

ते राहायचे मित्राकडे. मित्र शामसुंदर, सायकल दुरुस्त करणारा, विधुर. चंपतरावांच्या तोंडून दिवसाला दहा हजार शब्द जात, शामसुंदर सणासुदीला एखादा वापरी. एकोणीस वर्षांपूर्वी चंपतराव त्याच्याकडे दोन दिवसांसाठी ट्रंक ठेवायला गेले होते. ट्रंक अजून तिथंच होती, आणि ट्रंकेला सोबत म्हणून चंपतराव.

दोघांची रेशन कार्डं वेगळी, एकेकट्याची. घराचा पत्ता मात्र एकच. त्यामुळे तपासणीच्या यादीत दोघांची नावं आली. हिशेब साधा होता: एक चूल म्हणजे एक कुटुंब, एक कुटुंब म्हणजे एक कार्ड. घर शामसुंदरचं, तेव्हा जाणार ते चंपतरावांचं कार्ड.

"मी लय मोठ्या तोंडाचा माणूस आहो," चंपतराव मला म्हणाले, "पण पोटात माह्याच नावाचा तांदूळ जाते. शामच्या तांदळावर जगायचं असतं, तर मी त्याले एवढं बोललो असतो का?"

हे म्हणताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज टपरीबाहेर गेला नाही.

त्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात खडूने रेघ मारली. रेघेच्या पलीकडे शामसुंदरचा गॅस, अलीकडे स्वतःच्या हाताने घातलेली मातीची चूल. "आजपासून आपण शेजारी," त्यांनी जाहीर केलं. शामसुंदरने मान हलवली.

अडचण दुपारी कळली. एकोणीस वर्षं भात शामसुंदरने लावला होता आणि वरण चंपतरावांनी केलं होतं. आता रेघेच्या पलीकडे कोरडा भात, अलीकडे नुसतं वरण. चंपतरावांनी स्वतः भात लावून पाहिला. तो वाढायला छिन्नी लागली.

मग त्यांना तोड सुचली. शेजारी शेजाऱ्याला वाटीभर काही देतोच, त्याला कोणता कायदा अडवतो? शामसुंदरने रेघेवरून भाताची वाटी सरकवली. पण शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही चंपतरावांच्या आईची शिकवण. त्यांनी ती वरणाने भरून दिली. शामसुंदरलाही आई होतीच. त्याने वरण ओतून घेतलं आणि वाटीत भात घालून ती परत केली. ही वाटी बारा वाजता निघाली ती तीन वाजता, दोन्ही पातेली संपली तेव्हा थांबली. दुसऱ्या दिवशीही तेच. कोणीतरी एकाने थांबावं, हे मी सुचवलं.

"म्हणजे आईची शिकवण मी मोडाची?" चंपतरावांनी विचारलं. शामसुंदरने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तपासणीला आल्या अनुजा मॅडम, नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांची मुलगी. ऐन जेवणाच्या वेळी. मी साक्षीदार म्हणून दारात होतो. त्यांनी शामसुंदरकडे बोट दाखवून विचारलं, "ये आपके कौन हैं?"

"कोण?" चंपतराव म्हणाले. शामसुंदर दोन हातांच्या अंतरावर बसला होता. "हे का? पाहिल्यासारखे वाटतात कुठंतरी."

"एक ही घर में रहते हो, और जानते नहीं?"

"नाव विचारायचा मौकाच नाही आला मॅडम. उन्नीस सालच तर झाले."

"आपकी ट्रंक पर इनकी लुंगी सूख रही है।"

"वाऱ्यानं उडून आली असन."

"बंद कमरे में?"

"रिसालीचा वारा आहे मॅडम. त्याचं काही सांगता येत नाही."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. एक कुटुंब, हे आता लिहिलं जाणार, हे मला दिसलं. चंपतरावांनाही दिसलं असावं. आणि शामसुंदरला भूक लागली होती. त्याने भाताची वाटी रेघेवरून सरकवली. चंपतरावांचा हात आपोआप पळीकडे गेला. वाटी वरण घेऊन गेली, भात घेऊन आली, वरण घेऊन गेली. चार फेऱ्या मॅडम पेन धरून पाहत राहिल्या. पाचव्या फेरीला त्यांची हिंदी सुटली.

"काका, रिकामी कावून नाही देत?"

"शेजाऱ्याची वाटी रिकामी कशी देऊ, बाई?"

"आमची आई पण नाही देत," मॅडम म्हणाल्या. थोडा विचार करून पुढे म्हणाल्या, "पण बाबांना तिनं कधी वाटी भरून परत नाही केली. घरातल्या घरात एवढं कोण करते?"

आणि त्यांनी लिहिलं: दोन चुली, दोन कुटुंबं. कार्ड वाचलं. चंपतरावांनी ही बातमी टपरीवर सांगितली, म्हणजे दुर्गपर्यंत सगळ्यांना कळली.

चार महिन्यांनी सगळ्या कार्डांसाठी अंगठ्याचे ठसे नव्याने घेतले. चंपतरावांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नव्हत्या. मशीनने दहाही बोटं नाकारली. दुर्गला सहा खेपा झाल्या, कार्ड बंद झालं. खडूची रेघ पुसली गेली आणि चुलीत आता अंघोळीचं पाणी तापतं. दोघं शामसुंदरच्या कार्डावरचा तांदूळ खातात. तो महिन्याच्या सोळा तारखेला संपतो.